लसीकरण जुने

देवकाबाई चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, तेव्हा समोरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर कमरजहाँ उभी राहून हसत होती. पडदाभर. निळ्या काठाची पांढरी साडी, खांद्यावर पिनांनी बसवलेल्या निऱ्या, गळ्यात स्टेथोस्कोप, आणि ते हसणं, ज्यात तिचा डावा डोळा उजव्याच्या आधी मिटायचा. कमरला जाऊन वर्ष होत आलं होतं. आणि पडद्याकडे पाठ करून, कूलरसमोर ओढणी सैल करून, तिची मुलगी निशात बसली होती. तिने नुसती मान वळवली असती तरी संपलं होतं. देवकाबाईंनी ट्रे कुठे टेकवला ते त्यांना नंतरही आठवलं नाही. भिंतीशी वाकून त्यांनी बटण शोधण्याऐवजी एक्स्टेन्शन बोर्डाची वायरच उपसली. पडदा काळा झाला, आणि त्याच बोर्डावरचा कूलरही घरघरत थांबला.

"काय झालं व मावशी?" निशात दचकून उठली.

"काई नाई. जळल्यासारखा वास आला."

"मले तर नाई आला."

"तुले सर्दी हाये," देवकाबाई म्हणाल्या आणि पदराने गळा पुसत पडद्याच्या अन् तिच्या मध्ये उभ्या राहिल्या. काळ्या पडद्यावर आता काहीच नव्हतं, तरीही.

हे अमरने करून ठेवलं होतं. नुसता पडदा कसा मेल्यासारखा दिसते आई, फोटो फिरत राहू दे, असं म्हणून मुलाने मशीनला सवय लावली होती, की थोडा वेळ कोणी हात लावला नाही तर त्याने आपल्या पोटातले फोटो आपणच काढून दाखवत बसायचं. नातीचा वाढदिवस यायचा, अमरची जुनी मोटरसायकल यायची, ताडोब्याच्या रस्त्यावर पाठमोरा चाललेला वाघ यायचा. डाळ निवडता निवडता देवकाबाई ते बघत बसायच्या आणि त्यांना गंमत वाटायची. त्या पोटात आपलाही एक फोल्डर आहे हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. त्याला त्यांनी मुद्दाम असं नाव दिलं होतं की कोणाचं बोट तिकडे वळू नये, 'लसीकरण जुने'. पेन्शनीत निघालेल्या नर्सबाईच्या जुन्या लसीकरणात कोण डोकावणार? घरच्या माणसांना त्या नावाने इतकी वर्षं बरोबर फसवलं होतं. यंत्र मात्र नाव वाचत बसत नाही, ते सरळ आत जातं.

निशात पुन्हा बसली, पण चहाला हात लावेना. "अब्बा सकाळपासून अम्मीचं आधार कार्ड हातात घेऊन बसले हायेत," ती म्हणाली. "मले विचारतात, ही कोण बाई हाये? म्या म्हटलं, अब्बा, अम्मी हाये. तर म्हणतात, चूप, तुह्या अम्मीले मी ओळखत नाई का?" ती हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "त्याइचीबी चूक नाई. त्या फोटोत अम्मी चोरी करताना पकडल्यासारखी दिसते. डॉक्टर म्हणते वयानं होते असं. आवाज आठवते त्याइले, हातच्या रोट्या आठवतात, चेहरा नाई येऊन राह्यला. आमच्या घरी तर फोटो काढायची रीतच नाई, अब्बाच्या अब्बापासून. मावशी, तुमच्यापाशी एखादा असन ना? तुम्ही दोघी तर आलापल्लीपासूनच्या."

"नाई व माय," देवकाबाई म्हणाल्या. त्यांना वाटलं आपला आवाज नेहमीसारखाच निघाला. "तवा कोणापाशी होता कॅमेरा?"

निशात गेल्यावर त्या बराच वेळ वायर तशीच हातात धरून बसल्या. खोली तापत होती. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राची बारीक काळी धूळ कॉम्प्युटरच्या डब्यावर टाकलेल्या शिवलेल्या कापडावर बसली होती, ती त्यांनी बोटाने पुसली, आणि बोटाला जो काळेपणा लागला त्यावरून त्यांना उगाच आलापल्लीची लाल धूळ आठवली. एटापल्लीकडच्या गावांतून परतणाऱ्या एसटीतून उतरलं की ती धूळ पापण्यांवरसुद्धा असायची, आणि क्वार्टरच्या फाटकात कमर तांब्या घेऊन उभी असायची. तिचा नवरा मन्सूर तेव्हा लाकूड डेपोजवळ दारं-खाटा बनवायचा. त्यांच्या अंगणात सतत ताज्या चिरलेल्या सागवानाचा तेलकट गोडसर वास, आणि तो वास घेऊनच कमर कुंपणाच्या अलीकडे यायची. पाणी पिऊन होण्याआधीच विचारायची, "आज कोण झालं? पायाळू होतं का? रडलं का लगेच?" दुसऱ्या बायका सिनेमाची गोष्ट ऐकतात तशी ती बाळंतपणं ऐकायची, तोंड अर्धवट उघडं ठेवून. सुया उकळायला ठेवायची ती, लसीच्या पेटीत बर्फ नीट बसवायची ती, आणि एकदा पाण्यात भिजलेली एक आदिवासी पोर थंडीने निळी पडून आली तेव्हा देवका गावाला गेलेली असताना तिला उराशी घेऊन अंगाच्या उबेने परत गुलाबी करणारीही तीच. लग्नाआधी नर्सच्या ट्रेनिंगला कमरची निवड झाली होती. त्याच उन्हाळ्यात लग्न ठरलं. एवढंच. कोणी मारलं नव्हतं, कोणी दार लावून कोंडलं नव्हतं. मन्सूर चांगला माणूस निघाला, आणि ती त्याच्या घरात सुखाने राहिली. देवकाबाईंनी आयुष्यभरात इतकं सुखाने राहिलेलं जोडपं फार पाहिलं नव्हतं. त्यांचा स्वतःचा संसार तर त्यापुढे काहीच नव्हता.

ते फोटो काढले लसीकरण शिबिराच्या दुसऱ्या दिवशी. खात्याचा कॅमेरा परत पाठवायचा होता आणि रोलमध्ये थोडे फोटो उरले होते. कमर दारात उभी राहून म्हणाली, "मले तुही साडी नेसू दे." काही मागताना ती असंच मागायची, कारण न सांगता. खळ घातलेली कडक साडी तिने इतकी चापूनचोपून नेसली की जणू रोजचीच. देवकाच्या नावाची पट्टी छातीवर लावली. मग खुर्चीवर बाळंतीण म्हणून उशी बसवली आणि तिला दम दिला, "हलू नको बाई, सुई मोडन! नवरा कुठी हाये तुहा? जा म्हणा, पेज घेऊन ये." देवकाचा कॅमेरा हसण्याने हलत होता, त्यामुळे एक फोटो सगळा पुसट आला. बाकीचे आले, आणि ते असे आले की त्यात ती खेळत नव्हती, ड्यूटीवर होती. मग तिने साडी उतरवली, जुन्या घड्यांवरच घडी केली, इस्त्री मोडू न देता, आणि घरी जाऊन तांदूळ निवडायला बसली. "त्याइची यायची वेळ झाली," एवढंच म्हणाली. रोल धुवायला देवका नागपूरपर्यंत गेली होती, जिथे दोघींना ओळखणारं कोणी नव्हतं.

पुढे बदल्या झाल्या, मन्सूरने चंद्रपूरला घुटकाळा भागात फर्निचरचं दुकान टाकलं, देवकाबाईही चंद्रपूरला आल्या, आणि फोटो ट्रंकेत साड्यांखाली राहिले. अमरने घरी कॉम्प्युटर आणि त्याला जोडून फोटो आत ओढून घेणारं यंत्र आणलं तेव्हा कमरनेच ठरवलं. "कागद कधी ना कधी कोणाच्या हाती लागते," ती म्हणाली. "आज तू मेली तर उद्या तुही सून ट्रंक उघडन. हे तुह्या मशीनमंदी टाक अन् कागद जाळून टाक." देवकाबाईंनी फोटो आत घेतले, आणि मागच्या अंगणात शेगडीवर दोघींनी ते जाळले, निगेटिव्हसकट. निगेटिव्ह जळताना इतका घाणेरडा वास सुटला की शेजारीण ओरडली, काय शिजवून राह्यल्या व? "जुना संसार!" कमर ओरडून म्हणाली आणि हसून हसून तिला ठसका लागला. कागद चहाडी करतो आणि यंत्राला तोंड नसतं, असं दोन्ही शहाण्या बायकांनी धरलं होतं. आता ते यंत्र भर दुपारी, पाहुणी बसलेली असताना, पडदाभर बोललं होतं.

त्यानंतरही कमर यायची, दुपारची, घर रिकामं असलं की. दार लोटून दोघी पडद्यासमोर बसायच्या. "बडी कर," ती म्हणायची, आणि देवकाबाई चित्र मोठं करायच्या, इतकं की नुसता साडीचा काठ दिसायचा, किंवा नुसता स्टेथोस्कोप धरलेला हात. अशाच एका दुपारी ती बोलली होती. त्या बोलण्यातला शब्दन् शब्द देवकाबाईंना पाठ होता. "निशातच्या अब्बानं मले कशाची कमी नाई केली. हे पाह्यलं तर त्याइले वाटन का बायकोच्या मनात काई राहून गेलं. राहूनच गेलं होतं ना बाप्पा, काऊन खोटं बोलू? पण त्यात त्याइचा काई दोष नाई. आता हे दोन्ही खरं हाये हे त्याइले समजावता येत नाई मले. म्हून दाखवू नको. निशातलेबी नको, तिच्या पोटात काई राहत नाई."

दुसऱ्या दिवशी देवकाबाई जटपुरा गेटाजवळ संघप्रियाच्या दुकानात गेल्या. संघप्रिया कॉम्प्युटर दुरुस्त करायची, क्लास घ्यायची आणि तोंडाने कोणाला सोडायची नाही.

"फोल्डरले कुलूप पाहिजे," देवकाबाई म्हणाल्या.

"काय लपवून राह्यल्या नर्सबाई? बॉयफ्रेंड?"

"हो. पोलिओचा डोस पाजला होता त्याले मी."

संघप्रिया खळखळून हसली आणि स्टूल पुढे सरकवलं. मग नीट सांगू लागली. फुकटातली कुलपं पुष्कळ आहेत, म्हणाली. एक प्रकार नुसता लपवते, गोधडीखाली झाकल्यासारखं. गोधडी उचलली का दिसलं. दुसरा दाराले कुलूप लावते पण खोलीतलं सामान जसंच्या तसं, मागून भिंत फोडून कोणी शिरला, म्हणजे आतली डिस्क काढून दुसऱ्या मशीनले लावली, का सगळं उघडं. "तिसरा खरा. तो आतल्या फोटोचा असा चुरा करते का पासवर्डशिवाय तो फोटोच नसते. पण विसरल्या का गेलं. मी नाई काढून देऊ शकत, बनवणाराबी नाई काढून देऊ शकत. तुमच्या मशीनमंदी कंपनीचं कुलूप असते तसं, पण तुमचं पडलं घरगुती मॉडेल, त्यात ते बटणच फिक्कट करून ठेवलं हाये, दाबलं जात नाई."

"विसरली तर?"

"तर अमरभाऊले सांगून ठेवा."

"मंग कुलूप कायले?"

"हेबी खरं हाये," संघप्रिया म्हणाली. "अन् एक गंमत हाये यात. दोन पासवर्ड ठेवता येतात. कोणी जबरदस्ती केली, तर एक सांगायचा, तो खोटी खोली उघडते, त्यात काईतरी भाजीपाल्याचे फोटो टाकून ठेवायचे. खरी खोली त्याच्या आत. कोणाले पत्ताबी लागत नाई का आत अजून एक हाये. मशीन घेऊन या, मी करून देतो."

"तू पाहशीन."

"नाई पाहत हो, शप्पथ."

"डोळे तर उघडेच राहतीन तुहे." शेवटी असं ठरलं की संघप्रिया पेनड्राइव्हवर घालून देईल आणि फोनवरून सांगेल, देवकाबाई घरी आपल्या हाताने करतील. निघताना संघप्रिया मागून म्हणाली, "अन् आधीचे फोटो पुसाल तर नीट पुसा. मशीन प्रत्येक फोटोची बारीक बारीक पिल्लं काढून ठेवते. माय गेली तरी पिल्लं राहतात."

ऑटोत बसल्यावर देवकाबाईंच्या मनात ती दोन खोल्यांची गोष्ट घोळत राहिली. कमरला आवडली असती. ती तशीच राहिली होती की, एका खोलीत मन्सूरची बायको आणि तिच्या आत, कोणाला पत्ता न लागता, दुसरी. पण मग पहिली खोटी ठरते. आणि कमरची तर एकही खोली खोटी नव्हती, रोट्या लाटणारीही तीच होती आणि उशीला दम देणारीही तीच. रामाळा तलावाच्या कडेने ऑटो चालला होता, पाणी आटून चिखल वर आला होता आणि त्या चिखलाच्या वासाने त्यांना आपले वडील आठवले, कंबरभर पाण्यात जाळं झाडणारे ढिवर, जे म्हणायचे की मासा डोळ्याला नाही, हाताला कळतो. घरी कोणी नव्हतं. त्यांनी वायर लावली, फोल्डर उघडला, आणि आधी एक वेगळीच गोष्ट करून पाहिली. फोटोतला नुसता चेहरा कापून घेतला. साडी नाही, पट्टी नाही, नुसती कमर. बघितलं आणि मन डळमळलं. हा चेहरा निशातच्या हाती दिला तर मन्सूरचं काम होत होतं. त्या म्हाताऱ्या माणसाच्या हातात एक खरी कमर आली असती. पण निशात विचारेल, हा कधीचा? कोणी काढला? बाकीचा कुठी हाये? ती विचारत राहील, आणि एका उत्तराच्या मागे दुसरं निघत जाईल. शिवाय त्या कापलेल्या चेहऱ्याचे डोळे चौकटीबाहेर कशाकडे तरी बघत होते, आणि जे बघत होते ते कापून टाकलेलं होतं. दाखवू नको, ती म्हणाली होती. थोडंसं दाखव असं म्हणाली नव्हती. देवकाबाईंनी तो तुकडा ठेवला नाही.

फोनवर संघप्रिया एकेक पायरी सांगत गेली. हे निवडा, ते निवडा, खोटी खोली पाहिजे? नको, देवकाबाई म्हणाल्या, एकच पुरे. पासवर्ड टाकला तेव्हा त्यांनी उगाच फोन उलटा करून मांडीवर ठेवला. विसरू कदाचित, त्यांना वाटलं. हल्ली आपण गॅसवर दूध विसरतो, शेजारणीचं नाव विसरतो. विसरलो तर कमर तिथेच राहील, कोणाच्याही हाताला न लागता, आणि तिने तरी दुसरं काय मागितलं होतं? पण मग आपलं काय, असंही आतून कोणीतरी म्हणालं.

"आता माऊस फिरवा," संघप्रिया म्हणाली. "कसाबी. जितका वेडावाकडा फिरवाल तितकं कुलूप पक्कं होते. ती हिरवी पट्टी भरेपर्यंत फिरवत राहा."

पडद्यावर चित्र नव्हतं, नुसती पांढरी चौकट होती आणि खाली हळूहळू भरत जाणारी पट्टी. देवकाबाई माऊस फिरवू लागल्या. आधी उगाच गोल गोल, रांगोळीसारखे. मग केव्हा त्यांच्या लक्षात आलं कोण जाणे, की हात कपाळावरून चालला आहे. ते अरुंद कपाळ, त्यावर मध्येच खाली उतरलेली केसांची रेघ. मग भुवई, मग नाकाचा तो किंचित बाक, ओठांवर आलेला वरचा दात. हात थांबत नव्हता आणि चुकत नव्हता. कितीतरी दुपारी बडी कर, बडी कर म्हणत कमरने स्वतःचा चेहरा जणू तुकड्यातुकड्याने देवकाबाईंच्या हातात भरून ठेवला होता. पट्टी भरली. "झालं का?" फोनमधून आवाज आला. "झालं," देवकाबाई म्हणाल्या. फोटो कुलपात गेले, बाहेरचे पुसले, पिल्लंही पुसली. फिरत्या फोटोंत आता नातीचा वाढदिवस आणि पाठमोरा वाघ. आणि चहा टाकायला उठताना त्यांना एकदम सुचलं, इतकं साधं की त्या ओट्याशी उभ्याच राहिल्या. दाखवायचं नाही. सांगायचं नाही असं कुठे ठरलं होतं?

मन्सूर दुकानाच्या मागच्या पडवीत बसला होता. रंधा आता दुसरे चालवत होते, तो नुसता पायाशी पडलेला लाकडाचा कीस बोटांवर गुंडाळायचा आणि सोडायचा. बाजूला आधार कार्ड पडलं होतं, उलटं.

"या बाई, बसा," तो म्हणाला. त्याने आपल्याला लगेच ओळखलं, याचं देवकाबाईंना का कोण जाणे वाईट वाटलं. "काय सांगू तुमाले. ती इथीच असते. चालते, बांगड्या वाजतात, निशातले रागावते. पण वर पाहू म्हटलं तर तिथी काईच नाई. पन्नास बरस ज्या चेहऱ्याकडं पाहून जेवलो, तो असा कसा गेला? माणूस इतका बेइमान असते का?"

"बेइमान काऊन असन, भाऊ? भरलेलं भांडंच सांडते," देवकाबाई म्हणाल्या. आतून निशातच्या भांडी घासण्याचा आवाज येत होता. त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "डोळे मिटा. मी सांगतो, तुम्ही पाहा."

त्याने लहान मुलासारखे डोळे मिटले. देवकाबाई सांगू लागल्या, घाई न करता, ज्या क्रमाने हात फिरला होता त्याच क्रमाने. कपाळ लहान. केसांची रेघ मधोमध, पण एका बाजूला थोडी उतरलेली, जशी पाण्याची वाट उतरते. भुवया दाट, एकमेकींच्या जवळ यायला बघणाऱ्या. नाकाला बारीकसा बाक, उजवीकडे.

"लहानपणी पडली होती झुल्यावरून," मन्सूर पुटपुटला.

"हो. अन् हनुवटी..."

"खड्डा होता हनुवटीले."

"तिले नाई भाऊ. तो निशातले हाये, तुमचा." त्याने हात उचलून स्वतःची हनुवटी चाचपली आणि मान हलवली. त्या पुढे गेल्या. दात. ओठ. हसताना डावा डोळा आधी मिटायचा, उजवा मागून, जसा एकजण आत शिरल्यावर दुसरा शिरतो. मन्सूरच्या ओठांची कड हलली. त्याच्या मिटलेल्या पापण्यांखाली बुबुळं इकडून तिकडे सरकत होती, आणि एकाएकी ती थांबली, काहीतरी सापडल्यासारखी.

"थांबा," तो म्हणाला. "आली. हसून राह्यली." त्याने श्वास इतका हळू सोडला की मांडीवरचा कीससुद्धा हलला नाही. "कोणता कपडा हाये तिच्या अंगावर? चेहरा आला, कपडा नाई दिसून राह्यला. तुम्ही पाहून राह्यल्या ना बाई? कोणता हाये?"

देवकाबाईंना वाटलं हिरवा सांगावा. हिरवा तिच्याकडे होता, निकाहातला. जीभ तिथपर्यंत गेलीही. पण समोर तो डोळे मिटून बसला होता, सगळा भरवसा टाकून, आणि त्या बंद डोळ्यांपुढे उभी असलेली कमर त्यांना अगदी स्पष्ट दिसत होती, आणि ती हिरव्यात नव्हती.

"पांढरा," त्या म्हणाल्या.

"पांढरा?" मन्सूरच्या कपाळाला आठ्या पडल्या. "पांढरं तर ती कधी घालत नव्हती." रंध्याचा आवाज थांबला, पुन्हा सुरू झाला. त्याने डोळे न उघडताच बोटांवर कीस गुंडाळला आणि सोडला. मग आठ्या हळूहळू विरल्या.

"पण शोभून राह्यलं," तो म्हणाला.

"लय शोभते, भाऊ," देवकाबाई म्हणाल्या.